मे महिन्यात चर्चच्या सगळ्या घरांनी मिळून सेवेचं काहीतरी करायचंय, पण मुलांना मजा आली पाहिजे, आयडिया द्या

शांती_भायखळा

जय ख्रिस्त सगळ्यांना. आमचं मराठी चर्च भायखळ्याच्या बाजूला आहे, जुनं आहे, पण मेंबर आता भायखळ्यात थोडेच उरलेत, चाळी गेल्या टॉवर आले तसे लोक कल्याण डोंबिवली अंबरनाथ, काही नालासोपारा विरार असे पांगले. रविवारी उपासनेला मात्र सगळे ट्रेन पकडून इथेच येतात, मेगाब्लॉक असला तरी येतात, त्यामुळे आठवड्यातला हा एकच दिवस आमच्या हातात असतो.

तर प्रश्न असा की यंदा कमिटीने उन्हाळी सेवेच्या कामाची जबाबदारी माझ्यावर आणि तरुण संघाच्या दोन मुलांवर दिलीय. व्हीबीएस, म्हणजे मुलांची सुट्टीतली बायबल शाळा, दरवर्षी मे च्या पहिल्या आठवड्यात होतं, ते संडे स्कूलचे टीचर बघतात, त्याची काळजी नाही. पण व्हीबीएस झालं की निम्मी घरं गावाला जातात, कोणी नगरला कोणी जालन्याला कोणी सोलापूरकडे, आणि जी साधारण ४० घरं मुंबईत राहतात त्यांची मुलं घरात फॅनखाली मोबाईल घेऊन पडून असतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईबाबा आजीआजोबांसाठी मिळून काहीतरी करायचंय. मुलं ४ वर्षांपासून १५ पर्यंतची आहेत, आजीआजोबा बारातेरा, त्यातल्या तिघांना जिना चढता येत नाही. हॉल आहे, सहा पंखे आहेत, सतरंज्या आणि जेवणाची लांब टेबलं आहेत. पैसे ८ हजार, त्यातच चहा नाश्ता पण आला.

गेल्या वर्षी काय झालं ते सांगते म्हणजे मला काय नको ते कळेल. आम्ही १०० जेवणाची पाकिटं बाहेरून बनवून घेतली आणि एका वस्तीत नेऊन वाटली. दुपारी दोनची वेळ, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं, मुलं टेम्पोच्या सावलीत उभी, मोठी माणसं पाकिटं देतायत आणि कोणीतरी फोटो काढतंय. पाऊण तासात सगळं संपलं. ज्या बायका पाकीट घ्यायला आल्या त्यातल्या बऱ्याच जणी घरी जेवून बसल्या होत्या, एकीने तर सरळ विचारलं की आधी सांगितलं असतं तर मी आज चूल पेटवली नसती. परत येताना माझी मुलगी, तेव्हा दहा वर्षांची, ट्रेनमध्ये म्हणाली मम्मी आपण तिथे कोणाचं नाव पण नाही विचारलं ना. ते माझ्या डोक्यातून वर्षभर गेलेलं नाही.

म्हणून यावेळी असं काहीतरी हवंय जे मुलं स्वतःच्या हाताने करतील, आजींना पण त्यात जागा असेल, हसतखेळत होईल, आणि ज्यांच्यासाठी करतोय त्यांना ते खरंच लागतं असेल. एक रविवार, फार तर दोन. कोणी असं केलं असेल तर प्लीज नीट डिटेलमध्ये लिहा, काय चुकलं ते पण लिहा.

दर्यावाला_वर्सोवा

ताई बीच क्लीनिंग करा की, आमच्याकडे २०१५ पासून अफरोज शाह यांनी वर्सोव्याचा किनारा साफ करायला घेतला ते सगळ्या जगाने बघितलं, तेव्हापासून शनिवार रविवार कोण ना कोण ग्रुप किनाऱ्यावर असतोच. मुलांना समुद्र म्हटलं की मजा येतेच, वेगळे गेम लागत नाहीत.

फक्त तीन गोष्टी पाळा. एक म्हणजे भरतीओहोटीचं टाइमटेबल बघूनच दिवस ठरवा, ओहोटी सकाळी लवकर असेल असा रविवार घ्या, साडेसहाला सुरू आणि साडेआठला बंद, नऊनंतर मे महिन्यात वाळूवर मुलांना उभं करू नका. दुसरं, हातमोजे रबरी घ्या, पातळ प्लास्टिकचे नको, वाळूत काचा आणि सुया निघतात, आणि लहान मुलांना फक्त पिशव्या बाटल्या उचलू द्या, कापड आणि दोरखंड वाळूत रुतलेले असतात ते मोठ्यांनीच खेचायचे. तिसरं, गोळा केलेला कचरा कोण नेणार ते वॉर्ड ऑफिसला आधी विचारून ठेवा, नाहीतर गोण्या तिथेच पडून राहतात आणि पुढच्या भरतीला परत समुद्रात.

शांती_भायखळा

दर्यावाला दादा मनापासून थँक्यू, टाइमटेबलचं माझ्या लक्षातच आलं नसतं. पण साडेसहाला वर्सोवा म्हणजे अंबरनाथवाल्यांना पहाटे चारला उठायला लागेल, आणि मग अकराची उपासना कशी पकडणार. आणि आमच्या आजी वाळूत चालू शकत नाहीत. तरुण संघाला मात्र हे नक्की सांगते, त्यांना वेगळं करता येईल.

गोराईची_आंटी

शांती मी कॅथलिक आहे, गोराईची, ईस्ट इंडियन, तुमच्यासारखं मराठी चर्च नाही आमचं पण घरी मराठीच बोलतो. आम्ही कम्युनिटीत दोन वर्षं एक काम केलंय ते सांगते, बघ तुला जमतं का.

आमच्याकडे मे महिना म्हणजे बॉटल मसाल्याचा महिना. मिरच्या हळद धने सगळं अंगणात सुकायला टाकायचं, मग एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, पंचवीसतीस जिन्नस असतात, प्रत्येक घराचं माप वेगळं, आणि कोणी कोणाला पूर्ण सांगत नाही. मग कुटून बियरच्या ब्राउन बाटल्यांत ठासून भरायचा, म्हणून नाव बॉटल मसाला. आता झालं काय की गावात म्हाताऱ्या एकट्या राहिल्यात, मुलं गल्फला नाहीतर कॅनडात, त्यांना मसाल्याशिवाय जेवण जात नाही पण करायला हातात ताकद नाही. तर आम्ही ठरवलं की आपण त्यांच्यासाठी मसाला करायचा नाही, त्यांच्या अंगणात जाऊन त्यांच्या मापाने त्यांच्यासोबत करायचा. फरक कळतोय का, त्या खुर्चीत बसून सांगणार आणि आम्ही करणार.

पहिल्या घरी गेलो ती आंटी ८४ वर्षांची. माझ्या भाच्याने मिरच्यांचे देठ काढता काढता डोळ्याला हात लावला आणि बोंबलला, तर ही बाई उठली, दोन वर्षं काठीशिवाय उठली नव्हती, उठून आत गेली आणि थंड दूध आणून त्याच्या डोळ्यावर कापूस ठेवला. मग त्याला मांडीवर घेऊन बसली आणि मिरच्यांची कामं बाकीच्यांना वाटून दिली. तो मुलगा आता दर रविवारी मिस्सा झाली की तिच्याकडे जातो.

चुकलं ते पण सांगते. पहिल्या वर्षी एका दिवसात पाच घरं घेतली, धावपळ झाली, दोन घरी मिरच्या नीट वाळल्याच नव्हत्या, त्या बाटल्यांना पावसात बुरशी आली आणि त्या बायकांनी लाजेपोटी आम्हाला सांगितलं पण नाही. दुसऱ्या वर्षी दोनच घरं घेतली, मिरच्या चार दिवस आधी टाकल्या, आणि संध्याकाळी सगळं उचलून आत ठेवायची पाळी मुलांना दिली. तुमच्याकडे अंगण नसेल पण टेरेस असेल. आणि मसाला नसेल तर पापड करा कुरडया करा, आगोटीचं म्हणजे पावसाळ्याआधी साठवायचं काहीही चालतं. पण ज्यांच्यासाठी करताय त्यांना कामाच्या मध्यभागी बसवा, एवढं माझं ऐक.

परळ_पाणपोई

आमच्या चर्चने सलग तीन उन्हाळे गेटबाहेर पाणपोई चालवली. माठ चार, लाल कापड, आणि मुलांनी रंगवलेले स्टीलचे मग साखळीला बांधलेले. परळला हॉस्पिटलच्या रांगेतले पेशंटचे नातेवाईक बाहेरगावचे असतात, फुटपाथवर झोपतात, त्यांना बाटली विकत घेणं परवडत नाही, त्यामुळे दुपारी तीनपर्यंत चारही माठ रिकामे व्हायचे.

पण हे एका रविवारचं काम नाही हे आधी समजून घ्या. रोज दोन घरांची पाळी लावायला लागते, माठ रोज आतून घासायला लागतो. सरबत दिलंत तर बर्फ बघून घ्या, खायचा नसलेला बर्फ निळसर रंगाचा ठेवायचा नियम २०१८ पासून आहे, त्यामुळे निळी झाक दिसली तर तो बर्फ माशांसाठी आहे, पिण्यात नको. आणि एक पाठ करून ठेवा, कोणाला उन्हाने जुलाब उलट्या होऊन गळल्यासारखं झालं तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घोट घोट द्यायचं आणि लगेच दवाखान्यात न्यायचं. आमच्या संडे स्कूलच्या मुलांनी हे तक्त्यावर लिहून लावलं होतं.

तुमचे मेंबर लांब राहतात म्हणता तर रोजची पाळी जमणार नाही असं वाटतं.

बाइंडरचा_मुलगा

शांतीताई, माझे बाबा तीस वर्षं गिरगावात बाइंडिंगचं काम करायचे, मी लहानपणी जुड्या, म्हणजे एकत्र दुमडून शिवायचे कागदांचे गठ्ठे, मोडून द्यायचो, म्हणून मला एकच सुचतंय, वह्या करा.

१ मे ला निकाल लागला की प्रत्येक घरात वर्षाच्या अर्ध्या कोऱ्या वह्या पडलेल्या असतात, आणि बोर्ड दुसरं असेल तर मार्चपासूनच. बहुतेक घरं त्या जून उजाडायच्या आधी रद्दीत देतात, तर तुम्ही त्या रविवारी चर्चमध्ये मागवा. ४० घरं, घरटी ५ वह्या धरल्या तर २०० वह्या, वहीत सरासरी १० जोडपानं, म्हणजे मधे दुमडलेले अख्खे कागद, कोरी निघाली तरी २००० झाली, एका नवीन वहीला १६ जोडपानं लागली तर सव्वाशे वह्या तयार होतात. १६ जोडपानं म्हणजे ३२ पानं, दोन्ही बाजू धरून ६४. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, तोपर्यंत हातात.

आता जिथे सगळे अडकतात ते सांगतो. साधी पिन मारलेली वही घ्या आणि मधोमध उघडा. प्रत्येक कागद दुमडलेला असतो, त्याचं एक पान पुढच्या अर्ध्यात आणि दुसरं मागच्या अर्ध्यात. मुलाने अर्ध्याच्या आत लिहिलं असेल तर मधली जोडपानं पूर्ण कोरी मिळतात, पिन उचकटा आणि सरळ काढा. पण अर्ध्याच्या वर लिहिलं असेल तर मागची कोरी पानं ही पुढच्या लिहिलेल्या पानांचीच जोडीदार असतात, म्हणजे तुम्हाला जोडपान मिळतच नाही, सुट्टं पान मिळतं. लोक ते फाडून दुमडून शिवायला जातात आणि मग पानं गळतात. म्हणून पहिल्यापासून दोन ढीग करा. जोडपानांची मधून शिवलेली वही, आणि सुट्ट्या पानांचं पावती पुस्तकासारखं बाजूने शिवलेलं रफ पॅड, त्याला डावीकडे दीड सेंटीमीटर जागा सोडायची. जाड २०० पानी वहीत अनेक जुड्या असतात, तिथे शेवटची जुडी बहुतेक वेळा अख्खी कोरीच मिळते, ते सोनं समजा.

शिवण अगदी सोपी आहे. कागद दुमडा, दुमडीवर तीन भोकं, एक मध्ये, एक वर, एक खाली. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत या, आतून मधलं भोक सोडून सरळ खालच्यातून बाहेर जा, आणि परत मधल्यातून आत. आता आत दोन टोकं आली आणि त्यांच्या मधून लांब टाका गेलाय, त्या टाक्याला पकडून गाठ मारा. तीन वह्या केल्या की हात बसतो. ज्या आजींना धावदोरा येतो त्या पहिल्या वहीपासून तुमच्या पुढे जातील, बघा.

भोकं मोठ्यांनीच पाडा, दाभण किंवा बारीक खिळा आणि हातोडी, खाली पोळपाट नको खराब होतो, जुना पाट किंवा जाड रद्दीचा गठ्ठा ठेवा. दोरा जाड सुती घ्या आणि वापरायच्या आधी मेणबत्तीच्या तुकड्यावरून ओढा, मेण लागलं की गुंता होत नाही आणि टाका घसरत नाही, चर्चमध्ये मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे असतातच. कव्हरला खळ मैद्याची. धंद्यात खळीत मोरचूद घालतात म्हणजे कसर लागत नाही, पण ते विष आहे, मुलं असताना अजिबात नको. त्यापेक्षा खळ पातळ लावा, वह्या दाबाखाली रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कडक उन्हात तासभर, मुंबईच्या दमट हवेत हे चुकवलं तर पावसात बुरशी धरते, आंटींच्या मसाल्यासारखंच.

ब्राउन पेपरचे रोल आणि पुठ्ठे क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटला होलसेलमध्ये घ्या, ८ हजारात पैसे उरतील.

आणि मजेचं म्हणाल तर वर्गवारीचं काम चारपाच वर्षांच्या मुलांना द्या. एकरेघी, दुरेघी, चाररेघी, चौकटी, कोरी अशा पाच टोपल्या. पळत जाऊन योग्य टोपलीत टाकायचं. आमच्या घरी आम्ही भावंडं हाच खेळ खेळायचो आणि बाबांचं काम व्हायचं.

शांती_भायखळा

दादा मी हे वाचून आत्ता उठून मुलीच्या दप्तरातल्या वह्या काढून मधोमध उघडून बघितल्या. मराठीची वही पाऊण भरलेली, आणि खरंच मागच्या कोऱ्या पानाचा जोडीदार पुढचा धडा निघाला. विज्ञानाची मात्र निम्मी पण भरली नव्हती, १८ जोडपानं मिळाली. हे आम्हाला कोणी सांगितलं नसतं तर त्या दिवशी हॉलमध्ये नुसता गोंधळ झाला असता.

आता वह्या द्यायच्या कोणाला हा प्रश्न. जवळच पालिकेची शाळा आहे तिथे द्याव्यात का?

रात्रशाळेतली_बाई

मी मुंबईतल्या एका रात्रशाळेत शिकवते म्हणून लिहितेय. पालिकेच्या शाळेत मुलांना २७ वस्तू मोफत मिळतात, त्यात वह्या पण असतात, कधी उशीर होतो ते सोडा. तिथे गरज नाही असं म्हणत नाही पण हेडमास्तरांना विचारल्याशिवाय नेऊ नका.

आमच्याकडे येणारे विद्यार्थी दिवसभर कामाला असतात, कँटीनला, कुरिअरला, गॅरेजला, घरकामाला, आणि साडेसहानंतर वर्गात येऊन बसतात. काही १६ चे, काही ३५ चे, दोन बायका अशा आहेत ज्यांची स्वतःची मुलं दहावीला आहेत. वह्या त्यांना लागतात, खूप लागतात, कारण गणित सोडवून सोडवूनच येतं आणि मी घरी सराव करा म्हटलं की ते वही पुरवून पुरवून वापरतात, बारीक अक्षरात, समासात पण लिहितात. एकाची वही मी तपासायला घेतली तर त्याने पेन्सिलीने लिहून खोडून त्याच पानावर परत पेनने लिहिलं होतं.

पण काही गोष्टी आहेत, रागावू नका. कव्हरवर कार्टून, फुगे, देवाच्या ओळी, चर्चचं नाव, काही नको, साधा ब्राउन पेपर आणि नाव लिहायला एक पांढरी चौकट. मोठ्या माणसाला मुलांची सजवलेली वही घेऊन ट्रेनमध्ये बसायला लाज वाटते. पानावर आधीच्या मुलाचं एक अक्षर जरी असलं तरी ते पान काढा, तारीख लिहिलेली असली तरी. आकार लाँग बुकचा, एकरेघी, आणि गणितासाठी कोरी. चाररेघी आणि चौकटी आम्हाला नको, त्या बालवाडीला द्या. सुट्ट्या पानांचे रफ पॅड मात्र जेवढे असतील तेवढे द्या, सगळ्यात जास्त तेच लागतील.

आणि एक सांगू का. आमच्या नववीत एक मुलगा बाइंडिंगच्या कारखान्यात कामाला आहे, २१ वर्षांचा. बाइंडर दादांनी जे लिहिलंय ते तो झोपेत करेल. तुम्ही त्याला बोलवा, शिकवायला म्हणून बोलवा. रविवार हा त्याचा एकच सुट्टीचा दिवस आहे तर त्याचं मानधन ठरवा, आधी सांगून, पाकिटात घालून, कारागिराला देतात तसं. बाकी वर्गातले ज्यांना यायचंय ते पण येतील, स्वतःच्या वह्या स्वतः शिवतील, शेजारी तुमची मुलं बसतील. गोराईच्या आंटी जे म्हणाल्या तेच. तुमच्या मुलीला मग नावं विचारता येतील.

मी त्याला विचारून दोन दिवसात कळवते, त्याच्या परवानगीशिवाय काही ठरवत नाही.

गोराईची_आंटी

बाई तुम्ही माझ्या मनातलं बोललात. शांती आता दुसरं काही शोधू नकोस, हेच कर.

जुना_संडेस्कूलवाला

सलाम. मी आता ७१ चा आहे, संडे स्कूलला चाळीस वर्षं शिकवलं, लिहायला वेळ लागतो म्हणून उशिरा आलो.

वह्या शिवताना मुलांना गोष्ट लागेल तर ही सांगा. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि त्यांनी इथे छापखाना काढला. त्या छापखान्यात जावजी दादाजी नावाचा गरीब घरचा मुलगा लहानपणी कामाला लागला, थॉमस ग्रॅहम देवनागरीचे खिळे म्हणजे छपाईची धातूची अक्षरं पाडायचे त्यांच्या हाताखाली शिकला, आणि पुढे १८६९ मध्ये त्यानेच निर्णयसागर छापखाना काढला. त्या काळात निर्णयसागरची पंचांगं आणि संस्कृत पोथ्या घरोघरी गेल्या. कामाला असलेला एक पोरगा काय करू शकतो ते मुलांना कळू द्या, तुमच्याकडे येणारा तो बाइंडिंगचा मुलगा समोर बसलेला असेल तेव्हा तर नक्कीच.

आणि रात्रशाळेचं निघालं म्हणून, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात काम करणाऱ्या माणसांसाठी रात्रीची शाळा काढली होती. त्याच्या काही वर्षं आधी जोतीराव नगरला मिस फॅरार यांची मुलींची शाळा बघून आले होते, ती अमेरिकन मिशनची. आपल्या चर्चच्या मुलांना नगर म्हणजे मामाचं गाव एवढंच माहीत असतं, हे पण माहीत असावं असं मला फार वाटतं.

एक विनंती, आजीआजोबांची टेबलं पंख्याखाली लावा आणि दारापासून जवळ. आणि भजन मध्ये मध्ये घ्या, शिवताना हात चालू असतो, गळा मोकळा असतो. पण रात्रशाळेचे विद्यार्थी वेगवेगळ्या धर्माचे असणार, त्यांना आधी विचारा, त्यांच्यातल्या कोणाला काही म्हणायचं असेल तर त्यांनी पण म्हणावं, अभंग म्हणा कव्वाली म्हणा.

रात्रशाळेतली_बाई

विचारलं. तो येतोय. पहिल्यांदा म्हणाला मॅडम मी काय शिकवणार, मग दहा मिनिटांनी परत फोन करून विचारलं की किती लोक आहेत, दाभणं किती लागतील, कारखान्यातून कापायचं मोठं यंत्र मिळणार नाही पण शेठना विचारून वह्या दाबून धरायचा लाकडी शिकंजा आणतो. सोबत सातजण येतायत, दोन बायका त्यांच्या मुलांना घेऊन.

शांती_भायखळा

आज कमिटीची मीटिंग झाली, सगळं मांडलं, आत्ताच घरी आले म्हणून लगेच लिहितेय.

दोन रविवार मिळाले. पहिल्या रविवारी उपासनेनंतर फक्त जुन्या वह्या गोळा करणं, पिना उचकटणं आणि वर्गवारी, म्हणजे तासाभराचं काम, लहान मुलांच्या पाच टोपल्या त्याच दिवशी. पिना मोजून एका डब्यात टाकायच्या, कारण सतरंजीवर राहिली तर पुढच्या रविवारी कोणाच्या तरी पायात जाईल, त्यासाठी तरुण संघाच्या मुलाने लोहचुंबक आणायचं कबूल केलंय. दुसऱ्या रविवारी शिवण. मेगाब्लॉकचं पत्रक शुक्रवारी आलं की बघून वेळ पक्की करणार, हार्बरला ब्लॉक असेल तर रात्रशाळेतले लोक अडकतील म्हणून त्यांना मेनलाइनने कसं यायचं ते आधी कळवणार.

मानधनाला आमच्या खजिनदारांनी आधी नाही म्हटलं, सेवेच्या कामाला पैसे कसले असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं पियानो ट्यून करायला माणूस येतो त्याला आपण देतो ना. त्यावर महिला मंडळाच्या सेक्रेटरी मावशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या हा खर्च आमच्या मंडळातर्फे. झालं मग.

प्रीतिभोजन आधी ठेवायचं ठरलं, काम मागून, भुकेल्या पोटी मुलं कुरकुर करतात. पाव, बटाट्याची पातळ भाजी, कलिंगड, ताक. आणि एका टेबलावर आमच्याच लोकांनी बसायचं नाही, प्रत्येक टेबलाला रात्रशाळेतलं एक माणूस, एक आजी किंवा आजोबा, आणि तीन मुलं वेगवेगळ्या घरातली. फोटो फक्त वह्यांचे काढायचे, माणसांचे नाही, हे मी लिहून दारावर लावणार आहे.

बाइंडर दादा एक शंका, लाँग बुक आणि छोट्या वहीची जोडपानं मिसळून एका वहीत घेता येतील का, छोट्या वह्याच जास्त आल्या तर?

बाइंडरचा_मुलगा

नको ताई, मिसळू नका, कडा वरखाली होतात आणि लिहिताना हात अडकतो. छोट्यांची वेगळी वही करा, खिशात किंवा पर्समध्ये मावते, कामावर जाताना पाढे आणि शब्दार्थ लिहायला बरी पडते, बाईंना विचारून बघा. आणि तो मुलगा शिकंजा आणतोय ना, मग कडा कापायची चिंता सोडा, त्याला दाबून धारदार सुरीने एका रेषेत कापता येतं, त्याच्या हाताकडे मुलांना बघू द्या.

माझ्याकडे बाबांची दोन दाभणं आहेत, लाकडी मुठीची, वापरात नाहीत. मी त्या रविवारी घेऊन येतो, चालेल ना?

शांती_भायखळा

चालेल काय विचारता दादा, जेवायलाच या, साडेबाराला. आई असतील तर त्यांना पण घेऊन या.